मिरचीचे कूळ

सीमाभागातील न्यायालयांच्या आवारात दोन विषयांवर कधीही तडजोड होत नाही. एक हद्दीचा, दुसरा तिखटाचा. पहिल्या विषयावरील महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुसऱ्याची सुनावणी रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत, डबे उघडल्यावर होते, आणि निकाल दररोज राखून ठेवला जातो. हावेरीकडचे वकील ब्याडगीची बाजू मांडतात. गडहिंग्लजशी सोयरीक असलेले संकेश्वरीचे वकीलपत्र घेतात. कारवारमार्गे आलेला एखादा काणकोणच्या खोला मिरचीचा दाखला देतो, आणि नागपुराहून बदली होऊन आलेले बँकेतील गृहस्थ, भिवापुरी ज्याने खाल्ली नाही त्याने तिखटाबद्दल बोलूच नये, असे सांगून सर्वांना गप्प करू पाहतात. बेळगावच्या कुंद्यावरून असा वाद झालेला मी तीस वर्षांत पाहिला नाही. गोड खाताना माणसे बहुधा भांडत नाहीत.

या वादातील सर्व पक्षकारांना एक गोष्ट मान्य असते: मिरची मुळात आपलीच, आणि अनादी कालापासून आपली. पुराव्याच्या कसोटीवर नेमकी हीच गोष्ट टिकत नाही. मिरचीची सारी झाडे, लवंगीपासून ढोबळीपर्यंत, मूळ अमेरिका खंडातली. तेथील माणसे ती हजारो वर्षे खात होती. आपल्याला मात्र पंधरावे शतक संपेपर्यंत तिचे नावही ठाऊक नव्हते. ज्ञानेश्वरी १२९० ची. सतराव्या अध्यायात राजस माणसाच्या झणझणीत आहाराचे वर्णन करताना ज्ञानदेवांसमोर जो तिखटपणा होता तो मिरे, सुंठ, पिंपळी आणि मोहरी यांचा होता. यादवांच्या मुदपाकखान्यात मिरची नव्हती, विजयनगरच्या पहिल्या राजांनी ती पाहिली नव्हती. ज्या खर्ड्याला आपण मराठमोळेपणाची खूण मानतो तो नामदेव-तुकारामांपैकी नामदेवांच्या पानात तर असणे शक्यच नव्हते.

ती आली कशी, हे तसे सर्वश्रुत आहे. कोलंबस निघाला होता मिऱ्यांच्या शोधात. मलबारच्या मिऱ्यांवर अरब आणि व्हेनिसचे व्यापारी गबर झाले होते, त्यांना वळसा घालून हिंदुस्थान गाठायचा हा त्याचा बेत. तो पोहोचला कॅरिबियन बेटांवर, आणि १४९३ च्या जानेवारीत त्याने आपल्या रोजनिशीत तेथील लोकांच्या ‘अजी’ नावाच्या तिखट फळाची नोंद करताना ते त्यांचे मिरे आहे असे म्हटले. माणूस चुकला, पण ही चूक इतकी फलद्रूप झाली की निम्म्या जगाने ती पुढे चालवली. स्पॅनिश भाषेत मिऱ्यांना ‘पिमिएन्ता’ म्हणत, या फळाला ‘पिमिएन्तो’ म्हणू लागले. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला, १५०० मध्ये पोर्तुगीजांना ब्राझील सापडले, १५१० मध्ये त्यांनी गोवा घेतले. ब्राझील, लिस्बन आणि गोवा ही तीन टोके एकाच दर्यावर्दी सत्तेच्या हातात आली आणि बियांना प्रवासाची सोय झाली.

या प्रवासाचा वेग असा की युरोपातील विद्वानांचाही गोंधळ उडाला. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध ग्रंथ १५४२ चा. त्यात मिरचीचे सुरेख चित्र आहे आणि नाव आहे ‘कालिकतचे मिरे’. म्हणजे पन्नास वर्षांच्या आत मिरचीचे माहेर हिंदुस्थान आहे असे युरोपात समजले जाऊ लागले होते! पुढे १७७६ मध्ये दुसऱ्या एका शास्त्रज्ञाने मिरचीच्या एका जातीला ‘चिनी’ असे शास्त्रीय नाव दिले; तीही अमेरिकेचीच, पण नाव आजतागायत तेच आहे. नावावरून मूळ गाव ठरवू पाहणाऱ्यांनी हे दोन दाखले टिपून ठेवावेत. भाषेचा पुरावा मोलाचा असतो, पण त्याची उलटतपासणी घ्यावी लागते.

आपल्याकडील कागदांत मिरची हळूहळू उगवते. गोव्यात राहणाऱ्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने येथील औषधी आणि मसाल्यांवर संवादरूप ग्रंथ लिहिला, तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात मिऱ्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, मिरचीवर नाही. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त, म्हणजे १५९० च्या सुमारास, बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थ, त्यांची सामग्री, वजने, बाजारभाव असा सगळा हिशेब आहे. मिरे आहेत, आले आहे, मिरची नाही. दक्षिणेत मात्र ती लवकर रुजली असावी. पुरंदरदासांच्या नावावरील एका कन्नड पदात तिचे मोठ्या कौतुकाने वर्णन आले आहे आणि आहार-इतिहासकार के. टी. अचया यांनी त्याची दखल घेतली आहे. पुरंदरदास १५६४ मध्ये निवर्तले. पद त्यांचेच असेल तर मिरचीच्या बाबतीत कन्नड भाषेचा कागद बराच जुना ठरतो, आणि सीमाभागातील मराठी माणसाने हे मोकळेपणाने मान्य करावे, असे माझे मत आहे. दुसऱ्याचा खरा दस्तऐवज नाकारणारा पक्षकार स्वतःच्या दस्तऐवजाचे वजनही कमी करतो.

मराठ्यांच्या फौजांनी मिरची उत्तरेत नेली, असे एक विधान नेहमी ऐकू येते. इंदूर, ग्वाल्हेरच्या आप्तांना ते विशेष आवडते. घोडेस्वारांच्या खुर्जीत भाकरी आणि तिखट असे, त्याच जोरावर त्यांनी अटक गाठली, वगैरे. ऐकायला बरे वाटते. पण आमच्या व्यवसायात याला ऐकीव पुरावा म्हणतात. अठराव्या शतकात माळव्यात मराठी घरे वसली तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांची चव गेली, एवढे निश्चित म्हणता येईल. संपूर्ण उत्तर हिंदुस्थानला तिखट खायला आपणच शिकवले, हे म्हणण्यास आणखी कागद हवेत.

आता शब्दाकडे येतो.

पोर्तुगीजांबरोबर आलेल्या अनेक वस्तूंनी आपली नावे बरोबर आणली. बटाटा, काजू, अननस, पाव हे शब्द थोडेसे मराठी वळण घेऊन जसेच्या तसे आपल्या भाषेत बसले. मिरचीचे पोर्तुगीज नाव ‘पिमेंता’. ते मराठीत आले नाही, कोकणीत आले नाही, कन्नडमध्येही आले नाही. याचे कारण असे दिसते की बटाट्याची जागा आपल्या ताटात रिकामी होती, मिरचीची नव्हती. तिखटाच्या गादीवर मिरे आधीच बसलेले होते. नवे फळ आले ते त्याचा नातलग म्हणून आले आणि त्याच्याच नावाने ओळखले गेले. मुंबईकडे तिला ‘गोवाई मिरची’ म्हणत अशीही नोंद आढळते. ‘गोवाई’ पुढे गळले, मिरची राहिली.

शेजारच्या भाषांनी नेमके हेच केले आहे. कन्नडमध्ये मिरे म्हणजे ‘मेणसु’, आणि मिरची म्हणजे ‘मेणसिनकाई’, मिऱ्याचे फळ. तमिळमध्ये ‘मिळगु’वरून ‘मिळगाय’. तेलुगूत ‘मिरियम’वरून ‘मिरपकाय’. गुजरातीत ‘मरी’ आणि ‘मरचुं’. गोव्याच्या कोकणीतील ‘मिरसांग’ तर ऐकताक्षणी उलगडतो: सांग म्हणजे शेंग, जसे शेवग्याच्या शेंगेला ‘मश्कासांग’, तशी मिऱ्याची शेंग ती मिरसांग. कोणत्याही पंडित परिषदेने ठराव केला नव्हता. बाजारात, शेताच्या बांधावर, परसात उभ्या असलेल्या सामान्य बायाबापड्यांनी, एकमेकींची भाषा न विचारता, एकच तोड काढली.

मराठी ‘मिरे’ आणि ‘मिरची’ या दोन शब्दांत एक बारकावा आहे. दोन्हींचे मूळ संस्कृत ‘मरिच’. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘च’ सहसा झिजून नाहीसा होतो. त्या नियमाने मरिचचे ‘मिरे’ झाले. ‘मिरची’त मात्र तो ‘च’ शाबूत आहे. म्हणजे ‘मिरची’ हा शब्द ‘मिरे’पासून घरातल्या घरात घडलेला नाही, ज्या शाखेत ‘च’ टिकला, जशी हिंदीतील ‘मिर्च’, त्या शाखेकडून तो बाजाराच्या वाटेने आला. एका आजोबांची दोन नातवंडे, एक घरी वाढलेले, एक परगावी. दोघांची गाठ मराठीच्या स्वयंपाकघरात पडली. आपण भाग्यवान म्हणून दोघांची नावे वेगळी राहिली. हिंदीत बिचाऱ्या मिऱ्याला स्वतःचेच नाव मिरचीला देऊन ‘काली मिर्च’ असे विशेषण लावून जगावे लागते. कूळ म्हणून जमिनीवर आले, पिढ्यान्‌पिढ्या कसले, आणि शेवटी सातबाऱ्यावर त्याचेच नाव चढले, मूळ मालक मात्र इतर हक्काच्या रकान्यात! मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. भाषेने तो त्याच्या कितीतरी आधी लागू केला होता.

वाक्प्रचारांतही हे दोन थर दिसतात. कोणी वरचढपणा केला की तो ‘डोक्यावर मिऱ्या वाटतो’. येथे अजून मिरीच आहे, मिरची नाही. कोणाला एखादे बोलणे झोंबले की मात्र ‘नाकाला मिरच्या झोंबतात’. आणि गोष्ट रंगवून सांगायची तर ‘तिखटमीठ’ लावतात, ज्यात मिऱ्याचे नाव नाही, मिरचीचे नाही, नुसती चव आहे.

या ‘तिखट’ शब्दाची हकीकत मिरचीपेक्षाही रंजक आहे. आयुर्वेदातील सहा रसांत ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. म्हणूनच सुंठ, मिरे, पिंपळी यांना ‘त्रिकटु’ म्हणतात. त्या कडू नाहीत, तिखट आहेत. पण ‘कटु’पासून निघालेला मराठी ‘कडू’ कारल्याच्या चवीला चिकटला, आणि मोकळ्या झालेल्या जागेवर ‘तीक्ष्ण’पासून निघालेला ‘तिखट’ बसला. उत्तरेत मोहरीच्या तेलाला ‘कड़वा तेल’ म्हणतात तेव्हा त्यात कटुचा जुना, झणझणीत अर्थ जिवंत असतो. आपल्या माणसाला वाटते की तेल खराब झाले असावे. भोजपुरीत ‘तीता’ म्हणजे तिखट, बंगालीत ‘तेतो’ म्हणजे कडू, दोन्हींचा पूर्वज ‘तिक्त’. जिभेवर ज्या चवींत इतका फरक, त्यांच्या शब्दांनी शतकानुशतके अशी अदलाबदल करावी, याचे मला नेहमी नवल वाटते. आग आणि कडवटपणा यांच्यामधली हद्द माणसाच्या मनात फारशी पक्की नसावी.

दक्षिणेने आणखी वेगळी वाट धरली. संस्कृत ‘क्षार’ म्हणजे जाळणारा, झोंबणारा पदार्थ. मराठीत त्याचा ‘खार’ झाला आणि तो मिठाच्या बाजूला गेला: खारट, खारे पाणी, कोकणातील खारजमीन, लोणच्याचा खार. गुजरातीतही ‘खारुं’ म्हणजे खारट. कन्नडमध्ये मात्र ‘खार’ म्हणजे तिखट, तेलुगू आणि तमिळमध्ये ‘कारम’ म्हणजे तिखट. एकच शब्द, आणि बरोबर आमच्या घराजवळून त्याच्या अर्थाची सीमारेषा जाते. राज्य पुनर्रचना आयोगाने ही रेषा आखली नव्हती, महाजन आयोगाच्या नकाशातही ती नाही. पण ती चुकवणाऱ्याला तात्काळ शिक्षा होते.

अशी शिक्षा झालेले माझे मेहुणे आहेत. घराणे तीन पिढ्यांपासून वडोदऱ्याचे, बोलणे शुद्ध मराठी, कान मात्र गुजराती. आमच्याकडील एका लग्नात पंगतीत बसले असताना वाढपी जवळ आला आणि अदबीने म्हणाला, “खार बेकेन्री?” मेहुण्यांना आमटी अळणी लागत होतीच. त्यांना वाटले, बरा विचारणारा भेटला. त्यांनी मान डोलावली आणि वर हाताने ‘आणखी’ अशी खूण केली. वाढप्याने भातावर चांगला पळीभर लाल रंजका घातला. पुढील पाच मिनिटांचे वर्णन करणे नातेसंबंधांच्या दृष्टीने उचित नाही. माझ्या आईने त्यांना ताक देत देत विचारले, “अहो जावईबापू, मागितलं कशाला इतकं?” ते एवढेच म्हणू शकले, “मी मीठ मागितलं होतं.”

रंजका म्हणजे ओल्या लाल मिरच्या मीठ, लसूण घालून वाटून, लिंबू पिळून मुरवलेला प्रकार. आमच्याकडे मराठी आणि कन्नड दोन्ही घरांत होतो, दोन्हीकडे नाव तेच. जुन्या मराठीत तोफेच्या कान्यात भरायच्या दारूलाही ‘रंजक’ म्हणत. ही गंमत म्हणून घ्यावी, व्युत्पत्ती म्हणून नव्हे; मेहुण्यांचे मत मात्र वेगळे आहे.

ज्या मिरच्यांवरून आमची दुपारची सुनावणी चालते त्यांच्याकडे आता वळतो. ब्याडगी हे गाव जुन्या धारवाड जिल्ह्यातले, आता हावेरीत. मराठी तोंडात त्याचे ‘बेडगी’ झाले, आणि मुंबई-पुण्याच्या पुष्कळ गृहिणींना ते गावाचे नाव आहे हेही माहीत नसते. सुरकुतलेली, गडद लाल, रंगाला भारी आणि तिखटाला बेताची. तिचा रंग इतका धरतो की तिच्यापासून काढलेला अर्क खाद्यपदार्थांबरोबरच सौंदर्यप्रसाधनांतही वापरला जातो. तिचे दोन प्रकार, ‘डब्बी’ आणि ‘कड्डी’. कड्डी म्हणजे कन्नडमध्ये काडी, आणि ती असतेही तशी सडपातळ. संकेश्वरी तिच्यापेक्षा लांब, पातळ सालीची, रंग थोडा उणा, पण तिखटपणाला एक चव असलेली. आंध्रची गुंटूर नुसती जाळते, असे आमच्याकडील बायकांचे स्पष्ट मत. ती चटणीला ‘धार’ यावी इतपतच घ्यायची. चैत्र-वैशाखात मिरच्या उन्हात पसरायच्या, देठ खुडायचे, आणि डंकावर कुटून आणायच्या. तीन मिरच्यांचे प्रमाण प्रत्येक घराचे निराळे, आणि मृत्युपत्रापेक्षा अधिक गुप्त. कुटून आले की त्याला कोल्हापूर-बेळगावकडे ‘चटणी’ म्हणतात, पुण्याकडे ‘तिखट’ किंवा ‘मसाला’. पुण्याच्या सुनेला सासरी “चटणी आण” म्हटले की ती खोबऱ्याची वाटी शोधू लागते. हिरव्या मिरचीचे तव्यावर भाजून रगडले की आमचा ‘खर्डा’, वऱ्हाड-मराठवाड्याचा ‘ठेचा’. पदार्थ जवळजवळ एक, पण दोहोंच्या अभिमान्यांना हे सांगून पाहू नये.

संकेश्वर हुक्केरी तालुक्यात, बेळगाव जिल्ह्यात. गडहिंग्लज कोल्हापूर जिल्ह्यात. दोन्ही गावे एकाच हिरण्यकेशी नदीच्या काठी, बैलगाडीने एका सकाळचे अंतर. स्वातंत्र्यापूर्वी गडहिंग्लज कोल्हापूर संस्थानात होते आणि संकेश्वर ब्रिटिशांच्या बेळगाव जिल्ह्यात. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि दोन्ही गावे एका राज्यात आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात गेला आणि पुन्हा दोन राज्ये झाली. साडेसात वर्षांहून थोडा अधिक काळ, एवढेच काय ते या मिरचीला राज्याची सीमा ओलांडावी लागली नाही. तरी तिचे नाव संकेश्वरी आणि तिच्या सौद्यांसाठी नावाजलेली बाजारपेठ गडहिंग्लजची, ही व्यवस्था राज्यकर्त्यांना विचारून झालेली नव्हती आणि त्यांच्यामुळे मोडलीही नाही. त्या सौद्यात मराठी शेतकरी आपल्या मालाला ‘जवारी’ म्हणतो, म्हणजे अस्सल गावरान. हा शब्द कन्नड मुलखातून आलेला. आपल्या मातीची, आपल्या बियाण्याची खूण सांगण्यासाठी त्याने शेजाऱ्याचा शब्द घेतला, आणि त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. मराठीच्या हक्कासाठी मी तीस वर्षे अर्ज-निवेदने लिहीत आलो आहे, पुढेही लिहीन; पण ‘आमच्या भाषेत परका शब्द नाही’ असा युक्तिवाद मी कधी केला नाही, कारण पहिल्याच प्रश्नाला तो कोसळेल. शाळा, न्यायालयीन कागद, कार्यालयातील परिपत्रक आपल्या भाषेत मिळावे, हा हक्क त्या भाषेच्या सोवळेपणावर अवलंबून नाही.

इतक्या थोड्या काळात या परक्या फळाने एवढे घर कसे केले, याचे उत्तर शेतात आहे. मिऱ्याच्या वेलीला मलबारसारखा दमट मुलूख लागतो. देशावर ती होत नाही, आणि विकत घ्यायची तर गरिबाच्या आवाक्यात नव्हती. मिरची पठारावरच्या काळ्या जमिनीत, पावसाच्या पाण्यावर, परसातल्या दोन हात जागेतही येते. मूठभर बी ठेवले की पुढच्या वर्षाची सोय. हजारो वर्षे श्रीमंताच्या पानापुरता असलेला तिखटपणा तिने कोरड्या भाकरीवर आणून ठेवला. कालवणाला काही नसेल त्या दिवशी मिरची आणि मीठ हेच कालवण झाले. आज मराठी जेवण ‘झणझणीत’ म्हणून मिरवले जाते, त्या मिरवण्याच्या मुळाशी पुष्कळ घरांची ओढगस्त आहे, हे खानावळींच्या पाट्यांवर लिहिलेले नसते.

आणि एकदा घरात शिरल्यावर तिने देव्हाराही गाठला. दृष्ट काढताना मीठ-मोहऱ्यांबरोबर लाल मिरच्या ओवाळल्या जातात, दुकानाच्या दारावर लिंबाबरोबर सात मिरच्या टांगतात, आणि ही चाल पूर्वापार असल्याचे कोणीही शपथेवर सांगेल. उपवासाची तर कमालच आहे. साबुदाण्याची खिचडी घ्या. ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो अमेरिकेचा, शेंगदाणे अमेरिकेचे, बटाटा अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची. आपल्या पणजोबांच्या पणजोबांना ठाऊक असलेले गहू-तांदूळ वर्ज्य, आणि सातासमुद्रापलीकडून आलेले चालते! कोल्हापूरच्या ताटात पांढरा रस्सा मिऱ्याचा आणि तांबडा मिरचीचा असतो. ते पाहून एकदा मला वाटले होते की इतिहासाचे दोन कालखंड दोन वाट्यांत शेजारी ठेवले आहेत. पण पांढऱ्यात काजू वाटलेले असतात, आणि काजूही ब्राझीलचाच, हे लक्षात आल्यावर तो सिद्धांत मी मागे घेतला.

हैदराबादेतील मराठी घरांत मिरचीचे सालन होते. तीळ, शेंगदाणे, खोबरे, चिंच यांच्या वाटणात जाड, सौम्य मिरच्या. मराठवाडा १९५६ पर्यंत त्याच राज्यात होता, आणि सोलापूर-लातूरकडची भरली मिरची शेजारी ठेवली तर वाटणाची सोयरीक लपत नाही. कोणी कोणाकडून घेतले, हा वाद मी घालणार नाही.

कायद्याचे बोलायचे तर, मालाच्या भौगोलिक निर्देशांचा अधिनियम १९९९ चा, अंमल सप्टेंबर २००३ पासून. ब्याडगी, गुंटूर, भिवापुरी, गोव्याची खोला आणि हरमल या मिरच्यांची त्याखाली नोंदणी झाली आहे. पुष्कळांचा समज असा की ही नोंद राज्याची किंवा भाषिक समाजाची मालकी ठरवते. तसे नाही. ती एका भूभागातील उत्पादकांच्या नावाचे संरक्षण करते. तेथील शेतकरी घरी कोणती भाषा बोलतो हे अर्जात विचारलेले नसते. पण त्यासाठी ते बियाणे शेतात असावे लागते. माझ्या लहानपणी संकेश्वरीचे ढीग ओळखायला पाटी लागत नसे, वासावर कळे. आता बाजारात संकर जातींच्या पोत्यांवर ‘संकेश्वरी’ लिहिलेले मी स्वतः पाहिले आहे. जवारीचे पीक कमी येते, रोगाला लवकर बळी पडते, तोडणीची मजुरी परवडत नाही. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. एका वृद्ध शेतकऱ्याने मला मडक्यात राखेत ठेवलेले बी दाखवले आणि म्हणाला, “वकीलसाहेब, मुलगा म्हणतो टाकून द्या. तुम्ही लावता का?” मी परसात लावले. तीन वाफ्यांपैकी एक आला. त्याला आलेल्या मिरच्या किलोभरही भरल्या नाहीत, पण बी धरले आहे.

मेहुण्यांनी त्या पंगतीनंतर दोन वर्षे आमच्याकडच्या तिखटाचे नाव काढले नाही. तिसऱ्या वर्षी बहिणीचा निरोप आला की तिकडच्या चटणीशिवाय त्यांना आमटी गोड लागेना. तेव्हापासून दर वैशाखात डंकावरून आणलेल्या चटणीचा तीन किलोचा डबा वडोदऱ्याला जातो. कुरिअरच्या खिडकीवर मुलगा विचारतो, आत काय आहे. मी मराठीत सांगतो ‘चटणी’. तो ऐकतो, मान हलवतो आणि पावतीवर कन्नडमध्ये ‘खार’ असे लिहितो. यंदा मी त्या पावतीचे छायाचित्र बहिणीला पाठवले आणि खाली तो शब्द नागरीत लिहून दिला. मेहुण्यांचा लगेच फोन आला, मीठ कशाला पाठवले म्हणून.